बुडीत गावांची हार्ड डिस्क

मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना आपण १८३१ सालच्या गणपत कृष्णाजींच्या पंचांगापासून निघतो, जावजी दादाजींच्या निर्णयसागरात बराच वेळ रमतो, मोनोटाइप-लायनोटाइपला धावती भेट देतो आणि ‘मग संगणक आला’ या तीन शब्दांत विषय मिटवतो. त्या तीन शब्दांत काय काय गडप झाले आहे, याचा हा एका डिस्कपुरता शोध.

खिळ्यांच्या छापखान्यात फर्मा छापून झाला की तो सोडत, खिळे पुन्हा आपापल्या खणांत जात आणि मजकूर उरे तो फक्त कागदावर. १९९० च्या आसपास आधी शहरांत आणि मग तालुक्यांच्या गावी डीटीपीची दुकाने निघाली, तेव्हा एक नवीन गोष्ट घडली. छपाई झाल्यावरही जुळणी मागे राहू लागली. शेवटच्या हाताच्या दुरुस्त्या, पानांच्या हिशेबात बसली नाहीत म्हणून गाळलेली प्रकरणे, कधीच न छापलेल्या याद्या, हे सगळे पत्र्याच्या एका बंद डबीत साठू लागले. त्या डबीला जपण्यासारखे काही मानले गेले नाही. दुकानदाराने नवा संगणक घेतला की जुना माळ्यावर, आणि माळा भरला की भंगारात.

माझे शिक्षण डिप्लोमापर्यंतचे. मोडी मी एका शिबिरात आणि नंतर घरी बसून शिकलो, जुने संगणक उघडायलाही तसेच. या दोन उद्योगांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे मला बरीच वर्षे वाटले नव्हते.

चार वर्षांपूर्वी उजनी धरणाच्या काठच्या एका तालुक्याच्या गावातून एक ३८६ संगणक माझ्याकडे आला. तो एका बंद पडलेल्या डीटीपीच्या दुकानाचा होता. दुकानदाराचे वडील प्राथमिक शिक्षक. सगळा तालुका त्यांना गुरुजीच म्हणे, म्हणून इथेही तेच. गुरुजींचे गाव उजनीत गेले. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि इंदापूर, करमाळा, दौंड या तालुक्यांतली नदीकाठची गावे यशवंतसागराच्या पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते आणि वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येतात. देवळाचे फोटो येतात, कारण ते दगडाचे आहे. गुरुजींनी गोळा केली होती ती शेतांची नावे.

निवृत्तीनंतर सायकलवरून पुनर्वसित वस्त्यांत हिंडून त्यांनी अकरा गावांच्या बुडालेल्या जमिनींची नावे वह्यांत टिपली. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ अशी एक जागा असते, पण ती बहुधा कोरीच दिसते. सरकारला गट क्रमांक पुरतो. माणसे मात्र क्रमांकाने शेताला जात नाहीत. गुरुजींच्या वह्यांवरून मुलाने दुकानात फावल्या वेळी टंकन केले. बत्तीस पानांची एक पुस्तिका निघाली, तिच्यात देवळे आणि घराणी आली, शेतांची यादी राहून गेली. वह्यांना पुढे वाळवी लागली. गुरुजी गेले, मुलगाही गेला. सूनबाईंनी मला फोन केला तो अगदी रोखठोक होता. “दादा, भंगारवाला तीनशे देतोय. मामंजी म्हणायचे यात आपली गावं आहेत. तुम्ही येताय का देऊन टाकू?”

हार्ड डिस्क या वस्तूबद्दल थोडे सांगायला हवे. आयबीएमने १९५६ साली पहिली डिस्क बाजारात आणली तेव्हा चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्यांवर मिळून पन्नास लाखांच्या आसपास अक्षरे मावत. १९८० साली तेवढाच ऐवज सव्वापाच इंची तबकड्यांवर आला. १९८३ च्या पीसी-एक्सटीत दहा मेगाबाइटची डिस्क होती. गुरुजींच्या मुलाची होती चाळीसची. तत्त्व बदललेले नाही: चुंबकीय लेप दिलेली तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावर हवेच्या केसाहून पातळ थरावर तरंगत एक हेड चुंबकीय खुणा वाचते. संगणक बंद झाला की हवा थांबते आणि त्या काळच्या डिस्कमध्ये हेड तबकडीवरच टेकते. वीसपंचवीस वर्षे असे टेकून राहिले की दोन गुळगुळीत पृष्ठभाग आणि मधले वंगण यांची इतकी गट्टी जमते की पुढच्या वेळी मोटर जोर लावते आणि तबकडी हलत नाही. नुसतीच घरघर ऐकू येते. डिस्क मेली असे समजून लोक तिथेच थांबतात. खुणा मात्र बहुतेक जागच्या जागी असतात.

संगणक उघडल्यावर आधी दिसली ती मदरबोर्डवरची हिरवी बुरशी. ती बुरशी नसते. घड्याळ आणि सेटिंग जपणारी निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी गळते आणि तिचा क्षार तांब्याच्या रेघा खातो. बोर्ड गेलेला होता. डिस्क काढली. तिच्या पाठीवरच्या लेबलावर हाताने तीन आकडे लिहिलेले होते: ८२०, ६, १७. त्या माणसाचे मी मनातल्या मनात आभार मानले. त्या काळच्या डिस्क यूएसबीच्या आजच्या अडॅप्टरला ओळखच देत नाहीत. त्यांना सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे सांगूनच बोलावे लागते. तिन्हींचा गुणाकार ८३,६४०. एवढे सेक्टर, प्रत्येक ५१२ बाइटांचा. म्हणजे ४,२८,२३,६८० बाइट. अकरा गावे यातच कुठेतरी होती.

१९९९ सालच्या एका पेंटियमला ती जोडली, कारण त्याच्यावर अस्सल आयडीईची जागा आहे. मोटर घुमली, तबकडी हलली नाही. ठोके मारून डिस्क सोडवणारे लोक मला माहीत आहेत, मी त्या वाटेला जात नाही. डिस्क तळहातावर आडवी धरायची आणि वीज दिल्याक्षणी मनगटाने तिला आसाभोवती हलकी हिसडी द्यायची, जात्याचा खुंटा धरून पहिली ओढ देतात तशी. चौथ्या खेपेस ती फिरली. एकदा फिरली की काम होईपर्यंत बंद करायची नाही. दुसरा नियम असा की तिच्यावर काहीही लिहायचे नाही आणि तिला दुरुस्तही करायचे नाही. डॉसमधला चेकडिस्क मदतीच्या आविर्भावात फाइलींच्या साखळ्या तोडून मोकळा होतो. आधी जशीच्या तशी नक्कल उतरवून घ्यायची. मग सगळे प्रयोग त्या नकलेवर. पोथी हाताळण्याचेही हेच पथ्य आहे.

नकलेसाठी मी डीडीरेस्क्यू हा मुक्त प्रोग्राम वापरतो. तो शहाण्या माणसासारखा वागतो. जे सहज मिळते ते आधी घेतो, जिथे अडते ती जागा नकाशात टिपून पुढे जातो आणि शेवटी अडलेल्या जागांकडे पुन्हा पुन्हा वळतो. पहिल्या फेरीला काही मिनिटे पुरली आणि ४१२ सेक्टर सोडून सगळी डिस्क हातात आली. त्या ४१२ साठी दोन रात्री गेल्या. या जातीच्या डिस्कमध्ये हेड पायरी-पायरीने सरकवणारी मोटर असते, धातू तापून किंचित वाढला तरी हेड रुळावरून जरा बाजूला पडते. त्यामुळे पहाटेच्या गारव्यात खिडकी उघडली की दुपारी न वाचलेले सेक्टर वाचले जात. शेवटी ३७ उरले. तिसऱ्या दिवशी डिस्क एक बारीक किंचाळी मारून थांबली ती कायमची.

आता वाचन. डॉसच्या फाइलींना आठ अक्षरी नाव, तीन अक्षरी आडनाव आणि तारीख असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तारीख दिसली की आनंद होतो, पण तिचीही उलटतपासणी घ्यावी लागते. या डिस्कवर १९९२ ते १९९६ च्या तारखा आहेत आणि मग एकाएकी शेकडो फाइलींवर १ जानेवारी १९८० ही तारीख. डॉसचा कालगणनेचा आरंभ तोच. बॅटरी मेली, घड्याळ मेले आणि संगणक रोज सकाळी १९८० मध्ये जागा होऊ लागला. तारीख खोटी, वेळ मात्र उपयोगी. १ जानेवारी, दोन वाजून चौदा मिनिटे, याचा अर्थ दुकान उघडून सव्वादोन तास झाले होते.

खोडलेल्या फाइलींचे तर आपल्या पोथ्यांशी थेट नाते आहे. लेखनिकाची चूक झाली की तो त्या अक्षरांवर हरताळ लावी. पिवळा थर बसे, खालची शाई तशीच राही. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथलाच. डॉसमध्ये फाइल खोडली की यादीतल्या तिच्या नावाचे फक्त पहिले अक्षर बदलते, मजकूर जागेवर राहतो आणि ती जागा रिकामी समजली जाते. दुसरे काही तिच्यावर लिहिले गेले नसेल तर हरताळाखालचे वाचता येते. गुरुजींच्या अकरापैकी दोन गावांच्या फाइली अशा खोडलेल्या होत्या, बहुधा लग्नसराईत जागा कमी पडली म्हणून.

पहिली सात गावे वाचायला मला जेमतेम एक संध्याकाळ लागली. १९९२-९३ चे हे टंकन जिस्ट कार्डावर झालेले होते. नव्या पिढीला हे नाव ठाऊक नसेल. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम मोहन तांबे यांच्या पुढाकाराने १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले, आणि संगणकात खोचायच्या एका कार्डावर बसून छोट्या गावांतही पोचले. ते कार्ड बसवले की इंग्रजीसाठी बनलेल्या डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. त्यामागे इस्की ही संकेतप्रणाली होती, १९९१ साली भारतीय मानक ठरलेली. तिचा मोठेपणा असा की ती अक्षराचे चित्र साठवत नाही, उच्चार साठवते. ‘क’चा क्रमांक १७९, मग तो देवनागरीत दिसो की गुजरातीत की बंगालीत. हलन्ताचा २३२. ‘कि’ लिहिताना आधी क, मग ऱ्हस्व इकार, जसे आपण बोलतो तसे. युनिकोडची देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली असल्यामुळे एकाचे दुसऱ्यात रूपांतर करायला शंभर ओळींचा प्रोग्राम पुरतो.

उरलेली चार गावे विंडोज ३.१ वर टंकलेली होती, दोन-तीन वर्षे नंतरची. नंतरची म्हणून वाचायला सोपी असतील असे कोणालाही वाटेल. झाले उलटेच. डीटीपीच्या जमान्यात प्रत्येक कंपनीने आपापला फॉन्ट केला आणि त्या फॉन्टांमध्ये साठवले जाते ते अक्षराचे चित्र, तेही तुकड्यातुकड्यांनी. ‘कि’साठी आधी वेलांटी, मग अर्धा क, मग त्याचा उरलेला भाग. रफार अक्षराच्या नंतर. कुठल्या तुकड्याला कुठला क्रमांक, हे ज्याचे त्याने ठरवलेले. फॉन्ट हाताशी नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि बाणफुल्यांचा नुसता कचरा दिसतो. हा फॉन्ट सोबत देणारा प्रोग्राम कॉपी होऊ नये म्हणून प्रिंटरच्या पोर्टला एक छोटे कुलूप लावत. ते कुलूप केव्हाच हरवले होते, आणि फॉन्टची फाइल नेमकी त्या ३७ सेक्टरांत फाटलेली होती. चांगला विनोद म्हणायचा.

मराठीतले १९९३ ते साधारण २००० पर्यंतचे, विंडोज २००० मध्ये र. कृ. जोशींचा मंगल फॉन्ट येऊन युनिकोड घरोघरी पोचू लागेपर्यंतचे, बरेचसे संगणकीय लेखन याच अवस्थेत आहे. प्रकाशकांच्या कपाटांत सीडी असतील, त्या चालतही असतील. त्यांच्यावरचा मजकूर वाचता येईलच असे नाही. डिस्क चिकटण्यापेक्षा हे दुखणे मोठे आहे, आणि त्याला आवाज नाही म्हणून कोणी दचकत नाही.

किल्ली मिळाली ती लग्नपत्रिकांत. मोडी कागद वाचणाऱ्याला हा डाव ओळखीचा आहे. अक्षर कितीही फर्राटी असो, पत्राचा मायना ठरलेला असतो. ‘राजश्री’ कुठे येणार, ‘विज्ञापना’ कुठे येणार हे आधीच माहीत असते आणि त्या हाताची बाराखडी तिथूनच बांधत जायची असते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपला ब्राह्मी उलगडली तीही अशाच ठरलेल्या शब्दाने. सांचीच्या कठड्यावरच्या छोट्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच अक्षरे पुन्हा पुन्हा येत होती. देणगीदारांचे लेख असणार, म्हणजे ते ‘दानं’ असणार, असे त्याने ताडले. लग्नपत्रिकेइतका ठरीव मायना तर मराठीत दुसरा नाही. दुकानाच्या त्या डिस्कवर दोनशेच्या वर पत्रिका होत्या. वर ‘श्री गणेशाय नमः’, मग ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, मग चि. आणि चि. सौ. कां. या जागा, तळाशी अगत्याचे निमंत्रण. सूनबाईंनी दुकानाच्या नमुन्यांची जुनी फाइल शोधून दिली, तिच्यात त्यातल्याच नऊ पत्रिका छापील होत्या. एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला आकडे, असे घेऊन बसलो. ‘श्रीकृपेकरून’ या एका शब्दाने सात तुकडे दिले. वाराच्या आणि तिथीच्या नावांनी आणखी बरेच. सहा आठवड्यांत, एक-दोन विचित्र जोडाक्षरे सोडता, बाराखडी पुरी झाली.

डिस्कवर इतरही पुष्कळ काही होते. साठेखते, सोसायटीच्या नोटिसा, पोलीस पाटलाविरुद्धचे एक निनावी पत्र, एका बाईने नवऱ्याला लिहून घेतलेली आणि बहुधा न पाठवलेली तीन पत्रे. ती मी दोन ओळींनंतर वाचली नाहीत. पूर्ण नक्कल कुटुंबाकडे आहे. माझ्याकडे गुरुजींचा भाग आणि नऊ पत्रिका, बस्स.

यादीत एकूण १,२८६ नावे आहेत. पहिल्या सात गावांतल्या एका फाइलीच्या मधोमध एक सेक्टर कायमचा गेला होता. पण संगणकावर नवी प्रत ठेवताना आधीची ‘बीएके’ म्हणून मागे राहत असे. ती डिस्कवर दुसऱ्या जागी होती, धडधाकट. तिच्यातून एकवीस नावे भरता आली. ती चौकटी कंसात ठेवली आहेत, कारण गुरुजींनी नंतरच्या प्रतीत त्यांत काही बदल केला असेल तर तो गेला. इतर ठिकाणी दोन्ही प्रती जुळवून पाहिल्या तेव्हा गुरुजींची पद्धत कळली. आधीच्या प्रतीत ‘हाडकीचा तुकडा’ असे जिथे आहे तिथे नंतरच्या प्रतीत ‘हाडकीचा तुकडा, महार वतन, दोन घरांनी सांगितले’ असे आहे. म्हणजे ते परत जाऊन विचारत होते.

नावे वाचताना जमीन दिसू लागते. नदीलगत मळया, त्यांच्या वर गुऱ्हाळाचे रान, तुटक्या मोटेची विहीर, वेताळाची पट्टी. जोगतिणीचे वावर तीन गावांत आहे. ‘चोळीची पट्टी’ पाच गावांत, लेकीला चोळीबांगडीसाठी दिलेल्या जमिनींची. संपादनाच्या कागदांत या पट्ट्यांची भरपाई कोणाच्या नावावर निघाली असेल, हा प्रश्न यादी वाचणाऱ्याला पडतोच. गुरुजींनी त्यावर चकार शब्द लिहिलेला नाही, फक्त पाचपैकी चार ठिकाणी त्या लेकीचे नाव लिहून ठेवले आहे. माझ्या मते या यादीतली सगळ्यात मोलाची गोष्ट ही चार नावे. ती इथे देत नाही, त्यांची नातवंडे तालुक्यात आहेत.

एक अडचण मात्र डिस्कमधून सुटेना. मराठीत ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ वेगळे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. इस्कीत या ‘ऱ’ला स्वतःचा क्रमांक होता, २०८, आणि पहिल्या सात गावांत तो नेमका पडलेला आहे. विंडोजवर टंकताना मात्र मुलाने सगळीकडे रफारच वापरला. पत्रिकांतही ‘होणार्या’ असेच आहे. बहुतेक नावे संदर्भाने लागतात: ‘वार्याचा माळ’ हा वाऱ्याचाच असणार. दहाव्या गावात ‘आचार्याचा मळा’ होता. कोणी आचार्य आडनावाचे कुटुंब, की आचारी? गावात ब्राह्मणांची चार घरे होती असे पुस्तिकेत आहे, तेव्हा दोन्ही शक्य.

गेल्या मार्गशीर्षात त्या गावच्या पुनर्वसित वस्तीवर गेलो. नव्वदीच्या एक आजी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी कागद पुढे केला नाही, नाव उच्चारलेही नाही. नदीकडून वर येताना आधी कोणाचे रान लागायचे, एवढेच विचारले. त्यांनी शेंगा बाजूला सारून जमिनीवर बोटाने रेघ ओढली आणि एकेक रान सांगत गेल्या. पाचव्या नावाला म्हणाल्या, “मग आचाऱ्याचा मळा.” ऱ हलका, मागच्या अक्षरावर जोर न देता. “लग्नात बुंदी पाडायचा त्यो. पाटलानं दिलता त्याला.” मी फाइलीत २०८ क्रमांकाचे अक्षर घालायचे म्हणून वहीत टिपून घेतले. त्यांचे बोट तोवर पुढे सरकले होते. “आन् त्याच्या वरल्या अंगाला धोंडूबाईची खाचर. ती हाय का तुमच्यात?”

यादी काढून पाहिली. नव्हती.